ख्रिस्ती धर्म नेमका सुरू कधी झाला? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

येशू देवाचा पुत्र होता का, तो मेलेल्यांतून उठला का, याची उत्तरं इतिहासाच्या हत्यारांनी देता येत नाहीत, तेव्हा इथे ती शोधू नयेत. पहिल्या चार शतकांत पॅलेस्टाईनमध्ये आणि रोमन साम्राज्यात काय घडलं आणि ते आपल्याला कशावरून कळतं, एवढाच या पानाचा विषय. नावं शक्यतो मराठी बायबलमधली ठेवली आहेत: पौल, पेत्र, योहान, यरुशलेम.

ख्रिस्ती धर्म येशूने स्थापन केला, हे बरोबर ना?

बोलताना आपण असंच म्हणतो, पण इतिहासात ते नीट बसत नाही. येशू ज्यू घरात जन्मला, ज्यू म्हणून जगला आणि ज्यू म्हणूनच मेला. शब्बाथला (शनिवारच्या विसाव्याच्या दिवशी) सभास्थानात, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनागृहात जाणारा, सणाला यरुशलेमच्या मंदिरात पोचणारा, उत्तरेकडच्या गालील प्रांताचा हा माणूस. त्याचे वाद पाहिले तर तेही घरातलेच. शब्बाथच्या दिवशी आजाऱ्याला बरं करावं का, जेवणाआधी हात धुण्याचा नियम किती पाळावा, नवऱ्याने बायकोला सोडणं योग्य की अयोग्य. त्या काळचे बाकीचे ज्यू गुरूही याच प्रश्नांवर एकमेकांशी भांडत होते. ‘ख्रिस्ती’ हा शब्द त्याच्या कानावर कधी पडलाच नाही. येशूचा शिष्य पेत्र, येशूचा भाऊ याकोब, अगदी ज्यू नसलेल्यांत प्रचार करणारा पौलसुद्धा स्वतःला ज्यूच समजत.

म्हणून ‘सुरू कधी झाला’ याला एक तारीख देता येत नाही. ज्यू समाजातली एक चळवळ हळूहळू वेगळी होत गेली आणि त्याला दोन-तीनशे वर्षं लागली. खालची बरीचशी उत्तरं फिरून फिरून याच गोष्टीपाशी येतात.

हे ज्यू घर कसं असेल याची कल्पना करायला मराठी माणसाला फार लांब जायला नको. कोकणातले मराठी ज्यू, म्हणजे बेने इस्राएल आठवा. शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवणारे म्हणून गावाने त्यांना ‘शनवार तेली’ नाव दिलं. अलिबागजवळच्या खंडाळ्याच्या खडकावर एलियाहू हन्नबीच्या, म्हणजे जो परत येणार असं ज्यू मानतात त्या संदेष्टा एलियाच्या, रथाच्या खुणा आहेत अशी त्यांची श्रद्धा आहे. शुभवर्तमानांत (बायबलच्या नव्या करारातली येशूच्या चरित्राची चार पुस्तकं) बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाला पाहून आणि मग येशूला पाहून लोक कुजबुजतात, ‘हा एलिया तर नव्हे?’ त्या कुजबुजीचं वजन बेने इस्राएल घरातल्या म्हातारीला जितकं कळेल तितकं आपल्याला टिपा वाचूनही कळत नाही.

त्या वेळी त्या भागात राज्य कोणाचं होतं?

रोमन सेनापती पाँपेने इ.स.पू. ६३ मध्ये यरुशलेम घेतलं. पुढे रोमच्या आशीर्वादाने हेरोद राजा झाला. त्याने मंदिराचा भव्य विस्तार सुरू केला आणि तो इ.स.पू. ४ मध्ये मेला. राज्य मुलांत वाटलं गेलं. यरुशलेमभोवतीचा यहुदिया प्रांत ज्याला मिळाला तो मुलगा इतका नालायक निघाला की इ.स. ६ मध्ये रोमने त्याला काढून थेट आपला सुभेदार बसवला. गालील मात्र दुसऱ्या मुलाकडे, हेरोद अंतिपाकडे राहिला. म्हणून येशू वाढला अंतिपाच्या राज्यात आणि मेला रोमन सुभेदाराच्या हुकमाने.

मंदिराचा कारभार सदूकी पंथाच्या पुरोहित घराण्यांकडे होता. नियमशास्त्राचा काथ्याकूट करणारे परूशी लोकांत जास्त मानले जात, आणि शेवटी मेलेले उठतील असं ते मानत. काही मंडळी सगळं सोडून वाळवंटात राहत होती. मृत समुद्राजवळ कुमरान इथे १९४७ पासून सापडत गेलेल्या गुंडाळ्या बहुधा अशाच लोकांच्या. सगळ्यांच्या डोक्यावर कर होते, आणि देव आता काहीतरी करील ही अपेक्षा. योसेफस हा ज्यू इतिहासकार अशा काही संदेष्ट्यांबद्दल सांगतो, जे लोकांना घेऊन यार्देन नदीवर किंवा वाळवंटात गेले आणि रोमन तलवारीखाली आले. बाप्तिस्मा करणारा योहानही त्याला ठाऊक आहे. अंतिपाने योहानाला मारलं ते लोक त्याच्या फार मागे लागतील या भीतीने, असं तो लिहितो.

‘ख्रिस्त’ हे आडनाव आहे का? आणि ‘कृष्ण’ आणि ‘ख्रिस्त’ एकच शब्द ना?

दोन्हींचं उत्तर नाही. त्याचं नाव अरामी भाषेत येशुआ. हिब्रूत ‘मशीहा’ म्हणजे तेलाने अभिषेक केलेला, म्हणजेच राजा किंवा राजासारखा देवाने निवडलेला. त्याचं ग्रीक भाषांतर ‘ख्रिस्तोस’, आणि त्यातही अर्थ अभिषिक्त हाच. ‘कृष्ण’ म्हणजे काळासावळा. दोन शब्द कानाला जवळचे वाटतात, त्यापलीकडे त्यांचं नातं नाही. येशूच्या हयातीत त्याला ग्रीक ‘ख्रिस्तोस’ म्हणून हाक मारणारं माणूस गालीलच्या गावांत शोधून सापडलं नसतं.

येशू खरंच होऊन गेला का?

प्राचीन इतिहासाचे जवळजवळ सगळे अभ्यासक, त्यांत नास्तिकही आले, ‘होय’ म्हणतात. माझ्या मते सगळ्यांत भक्कम पुरावा शुभवर्तमानांचा नाही, पौलाचा आहे. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात तो सांगतो की तो यरुशलेमला जाऊन पंधरा दिवस पेत्राकडे राहिला आणि ‘प्रभूचा भाऊ याकोब’ यालाही भेटला. हे पत्र इ.स. ५० च्या दशकातलं. पौलाचं याकोबाच्या माणसांशी पटत नव्हतं, तेव्हा तो उगाच याकोबाचं महत्त्व वाढवणार नाही. (कॅथलिक परंपरा इथे ‘भाऊ’ म्हणजे जवळचा नातेवाईक असं मानते. आपल्याकडेही चुलतभाऊ हा भाऊच असतो.) याच याकोबाला इ.स. ६२ मध्ये प्रमुख याजकाने दगडमार करवून मारलं हे योसेफस लिहितो, आणि ओळख देतो ती ‘ख्रिस्त म्हटल्या जाणाऱ्या येशूचा भाऊ’ अशी.

योसेफसच्याच ग्रंथात येशूवर आणखी एक मोठा उतारा आहे, पण त्यात पुढच्या ख्रिस्ती नकलाकारांनी हात मारलेला दिसतो. ‘हा ख्रिस्त होता’ असं तो ज्यू गृहस्थ सरळ लिहील, हे पटत नाही. रोमन इतिहासकार टॅसिटस इ.स. ११६ च्या सुमारास लिहितो की सम्राट तिबेरियसच्या काळात सुभेदार पंतय पिलाताने ख्रिस्ताला मृत्युदंड दिला. खुद्द पिलाताचं नाव कोरलेला दगड कैसरिया शहरात १९६१ मध्ये सापडला. एका सुताराच्या पोरासाठी एवढा पुरावा त्या काळाच्या मानाने बराच म्हणायचा.

येशूचा जन्म इ.स. १ मध्ये आणि २५ डिसेंबरला झाला ना?

इसवी सनाचं गणित दियोनिसियस नावाच्या साधूने इ.स. ५२५ च्या सुमारास मांडलं आणि ते थोडं चुकलं. मत्तयाच्या शुभवर्तमानाप्रमाणे येशू हेरोदाच्या हयातीत जन्मला, आणि हेरोद तर इ.स.पू. ४ मध्ये गेला. म्हणजे ख्रिस्त ‘ख्रिस्तपूर्व’ काळात जन्मला असं विचित्र वाक्य लिहावं लागतं. लूकचं शुभवर्तमान जन्माचा संबंध रोमन अधिकारी क्विरिनियसच्या शिरगणतीशी जोडतं, आणि ती इ.स. ६ ची. या दोहोंचा मेळ घालायचे पुष्कळ प्रयत्न झाले, मला एकही पटलेला नाही. बहुतेक अभ्यासक इ.स.पू. ६ ते ४ धरतात.

तारीख नव्या करारात कुठेच नाही. २५ डिसेंबरचा पक्का उल्लेख रोममधल्या इ.स. ३५४ च्या एका दिनदर्शिकेत मिळतो. पूर्वेकडे ६ जानेवारी चालायची, आर्मेनियन चर्चमध्ये अजून चालते. ‘सूर्याचा सण पळवला’ हे उत्तर लोकांना फार आवडतं, आणि सम्राट ऑरेलियनने इ.स. २७४ मध्ये रोममध्ये सूर्यदेवाचं मंदिर बांधलं हे खरं आहे. पण दुसरा हिशोबही तितकाच जुना दिसतो. येशूचा मृत्यू २५ मार्चला मानायचा, गर्भधारणाही त्याच तिथीची धरायची आणि पुढे नऊ महिने मोजायचे. खात्रीने एकच कारण सांगणाऱ्यावर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

येशूला ज्यूंनी मारलं की रोमनांनी?

वधस्तंभ ही रोमन शिक्षा. गुलाम, दरोडेखोर आणि मुख्यतः बंडखोर यांना दिली जाणारी. ती किती खरी होती याचा ठोस पुरावा १९६८ मध्ये यरुशलेमजवळ सापडला: वधस्तंभावर दिलेल्या एका माणसाच्या टाचेच्या हाडात अजून खिळा रुतलेला आहे. येशूवर लावलेला आरोप ‘यहुद्यांचा राजा’ हा, म्हणजे राजद्रोहाचा. वल्हांडणाच्या सणाला शहर यात्रेकरूंनी तुडुंब भरलेलं, सुभेदार खास बंदोबस्तासाठी कैसरियाहून आलेला, आणि अशा वेळी एक गालीली माणूस मंदिराच्या आवारात सराफांची टेबलं उलथतो. मंदिराचा कारभार पाहणाऱ्या काही पुरोहितांनी त्याला पकडून दिलं असणं अगदी शक्य आहे. हुकूम पिलाताचा होता. साल बहुधा इ.स. ३० किंवा ३३.

मग शुभवर्तमानांत पिलात हात धुतो आणि गर्दी ओरडते, हे कसं? ती लिहिली गेली तोवर ज्यूंचं रोमविरुद्धचं बंड होऊन गेलं होतं किंवा पेटलेलं होतं. रोमन साम्राज्यात जगू पाहणाऱ्या मंडळीला आपला गुरू रोमने बंडखोर म्हणून मारला हे सांगणं जड जाणारच. आणि सभास्थानांशी त्यांची भांडणं ताजी होती. घरातल्या भांडणातले हे शब्द पुढे बहुसंख्याकांच्या हाती पडले आणि युरोपात ज्यूंवर शतकानुशतकं अत्याचार झाले. कॅथलिक चर्चने सगळ्या ज्यूंवरचा हा ठपका अधिकृतपणे नाकारला तो थेट १९६५ मध्ये, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत.

गुरू मेल्यावर चळवळ संपली कशी नाही?

इतरांच्या संपल्या, म्हणून हा प्रश्न महत्त्वाचा. शिष्यांनी ‘आम्ही त्याला जिवंत पाहिलं’ असं फार लवकर सांगायला सुरुवात केली, इतकं इतिहासकार म्हणू शकतो. करिंथकरांच्या पहिल्या पत्रात पौल एक यादी देतो: आधी पेत्र, मग बारा शिष्य, मग पाचशेहून जास्त बंधू, मग याकोब, सगळे प्रेषित आणि शेवटी तो स्वतः. ही यादी आपल्यालाही दुसऱ्यांकडून मिळाली असं तो म्हणतो, म्हणजे ती पत्राहूनही जुनी.

त्यांनी त्याचा अर्थ काय लावला ते पाहायला हवं. मेलेले शेवटी उठतील ही परूशी कल्पना त्यांच्या डोक्यात होतीच. एक जण उठला असेल तर शेवट सुरू झाला, बाकीचं आता कोणत्याही दिवशी! म्हणून घाई, म्हणून बाप्तिस्मा, म्हणून एकत्र जेवण. पौलाच्या ग्रीक पत्रात मध्येच एक अरामी हाक तशीच राहिली आहे, ‘मारानाथा’, आमच्या प्रभू, ये. यरुशलेमच्या पहिल्या घोळक्याचा आवाज आपल्यापर्यंत पोचलाय तो एवढाच.

खरा संस्थापक पौल, असं म्हणतात ते खरं का?

पौलाला हे कळलं असतं तर तो भडकला असता. तार्ससचा हा परूशी, धंद्याने तंबू बनवणारा, आधी या लोकांच्या जिवावर उठलेला. दमिष्काच्या वाटेवर त्याला काहीतरी दिसलं आणि तो फिरला. त्याच्या नावावर नव्या करारात तेरा पत्रं आहेत. त्यांतली सात नक्की त्याचीच असं जवळजवळ सगळे मानतात. काळही बऱ्यापैकी ठरवता येतो. करिंथमध्ये त्याला गल्लियो या सुभेदारापुढे उभं केलं होतं, आणि ग्रीसमधल्या डेल्फीच्या एका शिलालेखामुळे गल्लियोची कारकीर्द इ.स. ५१-५२ ची ठरते.

त्याने नवा धर्म काढला नाही, पण ज्या भांडणातून पुढे नवा धर्म निघाला त्यात तो मधोमध होता. प्रश्न असा होता: जे ज्यू नाहीत, ज्यांना मराठी बायबल ‘परराष्ट्रीय’ म्हणतं, ते येशूला मानू लागले तर त्यांनी सुंता करायची का? मोशेचे आहाराचे नियम पाळायचे का? इ.स. ४८-४९ च्या सुमारास यरुशलेममध्ये पेत्र, याकोब आणि योहान यांच्याशी पौलाची बैठक झाली. सुंतेची सक्ती नाही, गरिबांची मात्र आठवण ठेवा, असं ठरलं.

ठरलं आणि लगेच मोडलं. सीरियातल्या अंत्युखिया शहरात पेत्र परराष्ट्रीयांबरोबर एका पंगतीला बसत होता. याकोबाकडची माणसं आली तसा तो हळूच उठून वेगळा बसायला लागला. पौलाने चारचौघांत त्याला तोंडावर सुनावलं. हे भांडण युरोपियन वाचकाला पानभर टीपा देऊन समजवावं लागतं. आपल्याला नाही. कोणी कोणाच्या हातचं खायचं आणि कोणाच्या पंगतीला बसायचं यावर पिढ्यान्‌पिढ्या माणसांचं मोल ठरवलेल्या समाजात आपण वाढलो आहोत. पौल त्या दिवशी जिंकला का, हे तो लिहीत नाही. जिंकला असता तर नक्की लिहिलं असतं!

‘ख्रिस्ती’ हे नाव पहिल्यांदा याच अंत्युखियात पडलं, असं नव्या करारातलं ‘प्रेषितांची कृत्ये’ हे पुस्तक सांगतं. बहुधा बाहेरच्यांनी ठेवलेलं.

शुभवर्तमानं प्रत्यक्ष पाहणाऱ्यांनी लिहिली का?

मूळ मजकुरात लेखकाने आपलं नाव दिलेलं नाही. मार्क, मत्तय, लूक, योहान ही नावं दुसऱ्या शतकात पक्की झालेली दिसतात. मार्क सगळ्यांत आधीचं, इ.स. ७० च्या आगेमागे. मत्तय आणि लूक यांनी मार्क समोर ठेवून लिहिलं, साधारण ८० ते ९० च्या सुमारास. योहान शतकाच्या अखेरीचं. सगळी ग्रीकमध्ये. अरामी मात्र मध्येच डोकावते: ‘अब्बा’, ‘तलिथा कूम’, आणि वधस्तंभावरची ‘एलोई, एलोई’ ही हाक.

मधली चाळीस वर्षं गोष्टी तोंडोतोंडी फिरत होत्या. म्हणून सगळं बनावट ठरत नाही आणि शब्दन्‌शब्द खरंही ठरत नाही. म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी शिष्यांकडे फिरून गोळा केल्या, एकाच प्रसंगाच्या दोन-दोन सांगण्या हाती आल्या. ज्यांनी महानुभावांचं गद्य वाचलंय त्यांना चार शुभवर्तमानांतल्या तफावतीचं फार आश्चर्य वाटू नये.

मग ज्यू आणि ख्रिस्ती वेगळे झाले कधी?

इ.स. ६६ मध्ये ज्यूंनी बंड केलं. ७० मध्ये रोमन सेनापती टायटसने यरुशलेम घेऊन मंदिर जाळलं. रोममधल्या त्याच्या कमानीवर मंदिरातली सातफाटी समई वाहून नेणारे सैनिक आजही दिसतात. मंदिराबरोबर सदूकी गेले, कुमरानची वस्तीही उद्ध्वस्त झाली. उरले मुख्यतः दोन गट: परूशांच्या परंपरेतले गुरू, ज्यांच्यातून आजचा ज्यू धर्म घडला, आणि येशूला मानणारे. एका आईची ही दोन पोरं आणि वाद इस्टेटीचा, म्हणजे आमच्या शास्त्राचे खरे वारस कोण याचा. १३२ ते १३५ मध्ये ज्यू पुढारी बार कोखबाचं रोमविरुद्ध बंड झालं आणि तेव्हा दोघांत आणखी तेढ आली, कारण बार कोखबाला मशीहा मानणं येशूच्या लोकांना शक्यच नव्हतं.

तरीही सामान्य माणसं ऐकत नव्हती. इ.स. ३८६-३८७ मध्ये, म्हणजे येशूनंतर साडेतीनशे वर्षांनी, अंत्युखियात योहान क्रिसोस्तोम हा धर्मगुरू व्यासपीठावरून संतापाने प्रवचनं देत होता. विषय? त्याच्या मंडळीतले लोक ज्यूंच्या सणांना सभास्थानात जातात! प्रवचनांची भाषा विषारी आहे, पण पुरावा म्हणून ती अमूल्य आहे. धर्मगुरूंनी मधे कधीच भिंत बांधली होती आणि लोक तिला वळसा घालून जात होते.

रोमनांनी छळ का केला? सतत तीनशे वर्षं छळ झाला का?

सतत नाही, सगळीकडे नाही. इ.स. ६४ मध्ये रोमला आग लागली तेव्हा सम्राट नीरोने खापर ख्रिस्तींवर फोडलं. पण रोजचा मामला कसा होता ते प्लिनीच्या पत्रातून कळतं. इ.स. ११२ च्या सुमारास, आजच्या उत्तर तुर्कस्तानातला हा सुभेदार सम्राट ट्राजनला विचारतो की या लोकांचं करायचं काय. त्याने चौकशी केली. ठरल्या दिवशी पहाटे जमतात, ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र म्हणतात, चोरी आणि व्यभिचार करणार नाही अशी शपथ घेतात, नंतर साधं जेवण करतात. सेविका म्हणवल्या जाणाऱ्या दोन गुलाम बायकांचा त्याने छळ करून पाहिला, हाती ‘अतिरेकी अंधश्रद्धा’ यापलीकडे काही लागलं नाही. देवळं ओस पडली होती आणि बळीच्या मांसाला गिऱ्हाईक नव्हतं, आता परिस्थिती सुधारतेय, असंही तो कळवतो. ट्राजनचं उत्तर खास सरकारी: शोधून काढू नका, निनावी तक्रारी घेऊ नका, कोणी पकडून आणला आणि त्याने देवांना बळी द्यायला नकार दिला तर शिक्षा करा.

मुद्दा होता बळी देण्याचा. शहराच्या देवांना मान दिला नाही तर कोप सगळ्या शहरावर, म्हणून यांना ‘नास्तिक’ म्हणत. २५० मध्ये सम्राट डेसियसने सगळ्यांना बळी देऊन दाखला घ्यायला लावला. इजिप्तच्या वाळूत त्यांतले चाळीसहून जास्त दाखले सापडले आहेत. शेवटचा मोठा छळ डायोक्लेशनचा, ३०३ पासून.

तरी पसरला कसा?

रोमन रस्ते, सगळीकडे समजणारी ग्रीक, आणि बंदराबंदरांतली ज्यू सभास्थानं, जिथे ‘देवभीरू’ परराष्ट्रीय, म्हणजे ज्यूंच्या देवाला मानणारे पण ज्यू न झालेले लोक, आधीच येऊन बसत. पण मला यातलं सगळ्यांत बोलकं वाटतं ते एक हिशोबाचं वाक्य. २५१ च्या सुमारास रोमचा बिशप एका पत्रात सांगतो की त्याची मंडळी ४६ वडील (म्हणजे धर्मसेवक) आणि १५०० हून जास्त विधवा व गरजू सांभाळते. तेव्हा अजून छळाचे दिवस होते. पुढे ३६२ मध्ये जुने देव परत आणू पाहणारा सम्राट जूलियन कुरकुरतो, ‘हे गालीली आपल्याबरोबर आमचेही गरीब पोसतात.’ विरोधकाने दिलेलं प्रशस्तिपत्र.

जमायचे घरांत. फरात नदीकाठच्या दुरा युरोपोस इथे असंच एक घर सापडलं, भिंतींवर चित्रं आणि बाप्तिस्म्याचं कुंड असलेलं, तिसऱ्या शतकातलं. त्याच तटबंदीलगत ज्यूंचं चित्रांनी भरलेलं सभास्थानही आहे.

बायबल कॉन्स्टंटाइनने नाइसियाच्या परिषदेत ठरवलं ना?

नाही. कादंबऱ्यांनी आणि फॉरवर्डांनी पसरवलेली ही समजूत काही केल्या जात नाही. ३२५ मध्ये भरलेल्या बिशपांच्या या परिषदेत मुख्य वाद आरियस या धर्मगुरूच्या मताचा: पुत्र हा पित्याइतकाच अनादी की पित्याने निर्माण केलेला? दुसरा विषय ईस्टरच्या तारखेचा. पुस्तकांची यादी तिथे ठरली नाही. चारच शुभवर्तमानं मानावीत असं बिशप इरेनियस इ.स. १८० च्या सुमारासच सांगत होता, आणि आज आहेत तीच २७ पुस्तकं पहिल्यांदा दिसतात ती ३६७ च्या बिशप अथनेसियसच्या ईस्टर पत्रात. बाहेर राहिलेले ग्रंथही बरेच होते. इजिप्तमध्ये नाग हम्मादी इथे १९४५ मध्ये त्यांची १३ बाडं मिळाली.

कॉन्स्टंटाइनने राज्यधर्म केला, हेही चूक. ३१३ मध्ये त्याने आणि सह-सम्राट लिसिनियसने सर्वांनाच धर्मस्वातंत्र्य दिलं, ३२१ मध्ये रविवारची सुट्टी आणली, आणि स्वतः बाप्तिस्मा घेतला तो ३३७ मध्ये मरताना. राज्यधर्माचा हुकूम ३८० चा, सम्राट थिओडोसियसचा.

येशू काश्मीरला आला होता म्हणतात…

१८९४ मध्ये नोटोविच नावाच्या रशियन प्रवाशाने लडाखच्या हेमिस मठात तशी पोथी पाहिल्याचं छापलं. पुढच्याच वर्षी आग्र्याच्या कॉलेजातले प्राध्यापक डग्लस तिथे जाऊन आले. मठाच्या प्रमुखाने अशी पोथी नाहीच असं स्पष्ट सांगितलं. संस्कृतचा अभ्यासक मॅक्स म्युलरनेही ही गोष्ट उडवून लावली होती. श्रीनगरच्या रोझाबल या कबरीचा येशूशी संबंध जोडला तो अहमदिया पंथाचे संस्थापक मिर्झा गुलाम अहमद यांनी, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. त्याआधीचा आधार नाही.

मग भारतात ख्रिस्ती लोक आले कधी?

पोर्तुगीजांच्या फार आधी. केरळच्या सीरियन ख्रिस्तींची परंपरा सांगते की प्रेषित थोमा इ.स. ५२ मध्ये कोडुंगल्लूरला उतरला. त्या काळी रोमन जहाजं केरळच्या मुझिरिस बंदरात मिरीसाठी येतच होती, त्यामुळे अशक्य काही नाही, सिद्ध करता मात्र येत नाही. सहाव्या शतकात कॉसमस हा अलेक्झांड्रियाचा व्यापारी मलबारातल्या ख्रिस्तींबरोबर ‘कल्लियाना’ इथल्या, इराणहून नेमलेल्या बिशपचा उल्लेख करतो. हे आपलं कल्याण, असं बरेच अभ्यासक मानतात. म्हणजे पूर्वेकडची ही शाखा रोममार्गे नव्हे, इराणच्या आखातातून, सिरियाक भाषा घेऊन आली.

मराठीत ही कथा ओवीत उतरवली ती फादर स्टीफन्सने, गोव्यात, १६१६ मध्ये. त्याच्या ख्रिस्तपुराणाचे दोन भाग आहेत आणि पहिला अख्खा भाग ज्यूंच्या शास्त्राचा आहे. आदम, अब्राहाम, मोशे, दावीद झाल्याशिवाय येशू सांगताच येत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

ईस्टरची तारीख दर वर्षी का बदलते?

कारण मुळात ती ज्यूंच्या वल्हांडणाला बांधलेली, आणि वल्हांडण चांद्र महिन्यातल्या पौर्णिमेला. ज्यू पंचांगातही आपल्यासारखाच अधिक महिना असतो, १९ वर्षांत सात वेळा. नाइसियानंतर ख्रिस्तींनी आपला हिशोब वेगळा केला: वसंत संपातानंतरच्या पौर्णिमेनंतरचा रविवार.

हे सगळं मुळातून वाचायचं तर सुरुवात कुठून करू?

छापील क्रम विसरा. आधी थेस्सलनीकाकरांस पहिलं पत्र घ्या, इ.स. ५० च्या आसपासचं, बहुधा नव्या करारातलं सगळ्यांत जुनं लिखाण. मग गलतीकरांस पत्र, तिथे पंगतीचं भांडण आहे. मग करिंथकरांचं पहिलं. त्यानंतर मार्क, एका बैठकीत, दीड-दोन तास लागतील. सोळाव्या अध्यायात आठव्या ओळीपाशी थांबा, कारण सर्वांत जुन्या पूर्ण प्रती तिथेच थांबतात, पुढचा मजकूर नंतर जोडलेला. कबर रिकामी आहे, बाया धावत बाहेर पडल्या आहेत, आणि घाबरल्यामुळे त्या कोणाला काहीच सांगत नाहीत.